अर्धवट जळालेली रोजनिशी

मंडळी, आधीच सांगून टाकतो. ज्यांनी ‘गॉन गर्ल’ वाचलेली नाही, त्यांची मजा आज मी घालवणार आहे. शेवट झाकून ठेवून या कादंबरीवर बोलताच येत नाही. कुणाला उठायचं असेल तर चहा बाहेर तयार आहे.

गिलियन फ्लिन यांची ही कादंबरी 2012 ची. यातला नवरा निक सुरुवातीलाच सांगतो, की बायकोचा विचार आला की मला आधी तिचं डोकं आठवतं. चेहरा नाही, डोकं. मक्याच्या टणक, चकचकीत दाण्यासारखं. गडी मिझुरीचा, मक्याच्या मुलखातला. त्याला दुसरं काय सुचणार! मग तो म्हणतो, ही कवटी उघडावी आणि आत काय चाललंय ते चाचपून बघावं. ‘कसला विचार करतेयस?’ आपल्याकडेही हा प्रश्न रोज विचारला जातो. उत्तर ठरलेलं असतं: ‘काही नाही.’ त्या ‘काही नाही’च्या आत ही कादंबरी शिरते.

लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी त्याची बायको एमी घरातून नाहीशी होते. दिवाणखान्यात उलथापालथ झालेली. पुढे एक प्रकरण निकचं, आजचं. एक एमीच्या रोजनिशीतलं, 2005 पासूनचं. रोजनिशीतली एमी आधी प्रेमात आकंठ बुडालेली, मग हिरमुसलेली, मग नवऱ्याला घाबरणारी. इकडे निक पोलिसांशी खोटं बोलतो, आणि आतापर्यंत किती वेळा खोटं बोललो याचा हिशेबही आपल्याला देतो. वर त्याचं एका विद्यार्थिनीशी प्रकरण. मी तर अर्धं पुस्तक व्हायच्या आत त्याला फासावर चढवून मोकळा झालो होतो. मिझुरीत देहदंड आहे, आणि हे एमीलाही पक्कं ठाऊक आहे.

कारण एमी जिवंत आहे. ती रोजनिशी तिनं नवऱ्याला आपल्या खुनात अडकवण्यासाठी बसून रचलेली आहे. सात वर्षांच्या नोंदी, मागच्या तारखा घालून, खऱ्यात खोटं बेमालूम मिसळून.

या कादंबरीवर बोलताना लोक ‘कशी बाई आहे ही!’ इथेच अडकतात. मला ही दोन बेकार लेखकांची गोष्ट वाटते. निक न्यूयॉर्कच्या एका मासिकात लिहायचा. एमी मासिकांसाठी ‘तुमचा स्वभाव ओळखा’ छापाच्या प्रश्नावल्या तयार करायची. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. स्वतः फ्लिन ‘एंटरटेनमेंट वीकली’त टीव्हीवर लिहायच्या, 2008 मध्ये त्यांचीही नोकरी गेली. तेव्हा ही जखम ऐकीव नाही. निकच्या आईच्या आजारपणामुळे दोघं मिझुरीत येतात, मिसिसिपीकाठच्या एका बसलेल्या गावात. एमीच्या उरल्यासुरल्या पैशांतून निक बहिणीबरोबर बार काढतो. हातात लेखणी आहे, छापणारं कुणी नाही. मग लिहायला उरतं काय? लग्न.

एमीला तर लहानपणापासून दुसरेच लिहीत आले. तिचे आईवडील मानसशास्त्रज्ञ. त्यांनी तिच्यावरून ‘अमेझिंग एमी’ ही बालपुस्तकांची मालिका काढली. खऱ्या एमीनं बाराव्या वर्षी व्हायोलिन सोडलं, तर पुढच्या पुस्तकातली एमी व्हायोलिनमध्ये असामान्य निघाली! असं बालपण गेलेल्या मुलीनं स्वतःची एक पुस्तकी आवृत्ती काढली, तर मला नवल वाटत नाही. समर्थन नाही करत. एका निरपराध माणसाचा ती जीव घेते आणि त्याच्यावर बलात्काराचा खोटा आळ घालते. अशा पात्रामुळे खऱ्या तक्रारींवरही संशय येतो, हा आक्षेप मला थेट खोडून काढता येत नाही.

लग्नाच्या दर वाढदिवसाला ती नवऱ्यासाठी यमकांत कोडी लिहायची. आपले उखाणेच जणू, फक्त यात नाव घ्यायचं नसतं; बायकोला काय आठवतंय ते नवऱ्यानं ओळखायचं. निकला ती सहसा धड सुटत नसत. आणि ती रोजनिशी सापडते कुठे? निकच्या वडिलांच्या रिकाम्या घरातल्या, घर गरम ठेवायच्या भट्टीत. अर्धवट जळालेली, पण वाचता येईल इतकीच जळालेली. आख्ख्या वहीवर पोलिसांना कदाचित शंका आली असती. जळकी वही म्हटल्यावर ती नवऱ्यानंच जाळली, असं वाचणाराच मनाशी जुळवून टाकतो. रहस्यकथेच्या वाचकाला एमी आपल्यापेक्षा जास्त ओळखते, ते असं.

शेवटी ती परत येते. रक्तानं माखलेली, सगळ्या देशाची लाडकी. निक गुपचूप खरी हकीकत लिहून काढतो. तिला दिवस गेले आहेत हे कळल्यावर ती हकीकत तो स्वतःच्या हातानं पुसून टाकतो. तिच्या आठवणींचं पुस्तक मात्र येऊ घातलेलं आहे. आणि शेवटचं प्रकरण? तेही तिचंच. त्यात ती सरळ सांगते, की मला नवीन काही सांगायचं नाही. शेवटचा शब्द माझा असावा, एवढ्याचसाठी आले.