बो स्ट्रीटचा आंधळा मॅजिस्ट्रेट आणि बंद लायब्ररीतला खून

लंडनमध्ये १८२९ पर्यंत आज आपण म्हणतो तसे पोलीसच नव्हते. हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण अठराव्या शतकात घडणाऱ्या खुनाच्या सगळ्या कादंबऱ्या इथूनच सुरू होतात. साडेसहा-सात लाखांचं शहर, आणि लक्ष ठेवायला कोण, तर पॅरिशचे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, कॉन्स्टेबल, तेही वर्षभरासाठी आळीपाळीने नेमलेले आणि बिनपगारी, आणि रात्री कंदील-काठी घेऊन फिरणारे पहारेकरी, त्यातले बरेच जण वय झालेले. घरात चोरी झाली, कुणाचा खून पडला, तर साक्षीदार शोधा, खटला भरा, आणि खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून.

रात्री बाहेर पडायचं तर मशाल घेऊन पुढे चालणारी पोरं भाड्याने मिळायची. बर्कली स्क्वेअरमधल्या काही जुन्या घरांच्या दाराशी आजही लोखंडी नरसाळं दिसतं, घरी पोचलं की मशाल त्यात खुपसून विझवायची. श्रीमंताच्या दारापर्यंत उजेड, पुढे काळोख, आणि यातलाच एखादा पोरगा तुम्हाला नेऊन लुटारूंच्या हाती देईल ही भीती लोकांना कायम असायची.

सरकारने उपाय काढला बक्षिसाचा. दरोडेखोराला शिक्षा झाली की पकडून देणाऱ्याला ४० पौंड. झालं काय, की जोनाथन वाइल्डसारखा माणूस एकीकडे चोरांची टोळी चालवायचा आणि दुसरीकडे त्यातलेच चोर पकडून द्यायचा, शेवटी १७२५ मध्ये तोही टायबर्नला फासावर गेला.

हे सगळं बदलायला सुरुवात केली एका कादंबरीकाराने! 'टॉम जोन्स' लिहिणारा हेन्री फील्डिंग लंडनच्या बो स्ट्रीटवरच्या कोर्टाचा मॅजिस्ट्रेट होता, त्याने १७४९ च्या सुमारास भरवशाची मोजकी माणसं हाताशी धरली, तेच पुढे बो स्ट्रीट रनर्स म्हणून ओळखले गेले. १७५४ मध्ये हेन्री गेला आणि काम आलं सावत्र भावाकडे, जॉनकडे. जॉन फील्डिंग तरुणपणीच एका अपघातात आंधळा झालेला. डोळ्यांवर काळी पट्टी, हातात बारीक छडी, ती पुढे हलवत तो कोर्टात जागेवर येऊन बसायचा आणि समोरच्याचा आवाज ऐकायचा. ३,००० चोर तो नुसत्या आवाजावरून ओळखतो अशी ख्याती होती. आकडा फुगवलेला असेलही, पण शहरभर हे बोललं जायचं हेच मला जबरदस्त वाटतं. चोरांची वर्णनं, चोरलेल्या मालाची यादी, हे सगळं तो पेपरात छापायचा, म्हणजे अख्ख्या शहराला तपासात ओढायचा.

या माणसाला १९९४ मध्ये ब्रूस अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने 'ब्लाइंड जस्टिस' कादंबरीत डिटेक्टिव्ह केलं. एक लॉर्ड आपल्या लायब्ररीत गोळी लागून मेलेला सापडतो, दार आतून बंद, सगळे म्हणतात आत्महत्या. सर जॉनसोबत असतो जेरेमी, १३ वर्षांचा अनाथ पोरगा. मॅजिस्ट्रेटला दिसत नाही, पोराला दिसतं पण त्याचा अर्थ लागत नाही, आणि या दोघांमध्ये जे बोलणं होतं त्यातून तपास पुढे सरकतो. शेवट सांगणार नाही, पण ही जोडी इतकी घट्ट बसलीय की मला तरी या प्रकारातली हीच सगळ्यात आवडती.

आणि काळच असा की लेखकाला टेन्शन वेगळं आणावं लागत नाही. १७५२ च्या कायद्याने खुन्याला शिक्षा सुनावल्यावर दोनच दिवसांत फाशी, मधे रविवार आला तर एखादा दिवस जास्त, आणि प्रेत चिरफाडीसाठी सर्जनकडे. आरोपीच्या वकिलाला ज्युरीसमोर त्याची बाजू मांडायची परवानगी नाही, ती मिळाली १८३६ मध्ये. आर्सेनिक या विषाची खात्रीलायक टेस्ट आली तीसुद्धा १८३६ मध्येच. म्हणजे निरपराध माणूस अडकला तर त्याला सोडवायला हातात उरतात मोजके दिवस आणि कुणाचीतरी तल्लख नजर किंवा कान.

जून १७८० च्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत जमावाने बो स्ट्रीटचं ऑफिस फोडलं, सामान रस्त्यावर आणून जाळलं. सर जॉन तेव्हा आजारी होता, सप्टेंबरमध्ये तो गेला. पण ओल्ड बेली कोर्टातल्या खटल्यांचे वृत्तांत तेव्हा छापून विकले जायचे, त्यामुळे ते टिकले, १६७४ ते १९१३ पर्यंतचे सुमारे १ लाख ९७ हजार खटले आज ऑनलाइन फुकट वाचता येतात. कादंबरी संपली की ती घडते ते १७६८ साल काढा आणि मोलकरणी, दुकानदार, पहारेकरी काय बोलले ते वाचत बसा.