मटण न्हवं, सुकट

(गच्चीवरचा पत्रा. सावलीत छोटी शेगडी, बाजूला थर्माकोलची पेटी.)

पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. पेटीत बेकनची कात्रणं, त्यांच्यावरचा बर्फ टिकला हेच नशीब. पेटी स्वयंपाकघरात नेऊ दिलेली नाही. आमच्या कट्ट्यावर बकरं चालतं, कोंबडी चालते, डुक्कर चालत नाही. का, असं विचारून उपयोग नाही. म्हणून आज बुधवारी सगळा संसार गच्चीवर आलाय: शेगडी, चॉपिंग बोर्ड आणि माळ्यावरून काढलेलं जर्मनचं पातेलं. त्याच्या बुडाला पोचा आहे. गेलं तरी कुणी रडणार नाही, एवढीच त्याची पात्रता.

पाकीट फोडल्यावर आत्या वाकून बघते. "एवढ्या लांबनं ह्या चिंध्या आणल्यास व्हय?"

चिंध्याच आहेत. डुकराच्या पोटाचं किंवा पाठीचं मांस मिठात मुरवलं, बहुतेक वेळा वर धुरी दिली, की बेकन होतं. यंत्रावर त्याच्या एकसारख्या पातळ पट्ट्या निघतात, पण त्यासाठी आधी मांसाची लादी चौकोनी करून घ्यावी लागते, आणि डुक्कर काही चौकोनी नसतं. मग कडा उरतात, टोकं उरतात, फाटलेल्या पट्ट्या उरतात. चव तीच, रूप बेढब, म्हणून भाव कमी. इंग्लंडात हीच कात्रणं 'कुकिंग बेकन' म्हणून वेगळ्या पाकिटात विकतात. आपल्याकडे थंड मालाच्या दुकानात विचारावं लागतं.

(जवळून: बोर्डावर पसरलेले तुकडे. काही बोटाएवढे जाड, काही कागदासारखे.)

पहिल्यांदा आणली तेव्हा मी माती खाल्ली होती. कोल्हापूरचा माणूस, हातात मांस, म्हणजे तांबडा रस्सा! दुसरं काही सुचलंच नाही.

आपल्या रश्शाची सुरुवात अळणीनं होते. मटणाला हळद, आलं-लसूण लावून ते शिजवायचं आणि त्याचं पाणी उतरवायचं. पोरांना आधी वाटीभर तेच प्यायला मिळतं. त्यातलं थोडं नारळाच्या दुधात जाऊन पांढरा होतो, थोडं चटणीत जाऊन तांबडा. मीठ-तिखट नंतर, आपल्या हातानं, आपल्या अंदाजानं. बेकनची अळणी निघतच नाही. १०० ग्रॅमला साधारण अडीच-तीन ग्रॅम मीठ त्यात मुरलेलं असतं. मी अर्धा किलो घातलं होतं. म्हणजे चहाचे अडीच-तीन चमचे मीठ आधीच पातेल्यात, त्यावर माझं नेहमीचं मीठ, आणि त्यावर कांदा-लसूण चटणी, जी डंकावर कुटतानाच खडेमीठ खाऊन आलेली. काकांनी पहिला भुरका मारला आणि न बोलता मोरीकडे गेले.

त्या दिवशी आत्यानं एक तुकडा धुतला, हुंगला आणि चावून बघितला. मग निकाल दिला: "मटण न्हवं हे. सुकट हाय."

मला वाटतं, बेकनबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठं ऐकलेलं नाही. सुकट कोण अर्धा किलो शिजवतं? मूठभर घेतो, धुतो, कांद्यावर परततो, मीठ घालताना हात आखडतो. घरभर वास सुटतो आणि एवढ्याशा सुकटीवर चार भाकऱ्या जातात. ताटात किती तुकडे आले हे कुणी मोजत नाही. मटणाला मात्र नळी कुणाच्या ताटात गेली यावर भांडणं होतात.

(आत्याचे हात. तीन ढीग.)

"सर तिकडं, मी करतो." आमच्याकडे बायका 'मी करतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.

ती ढीग लावते. नुसती पांढरी चरबी एकीकडे, लालसर मांस दुसरीकडे, आणि कातडं असलेले चिवट तुकडे तिसरीकडे. अख्ख्या पट्ट्या आणल्या तर ही कटकट नसते. कात्रणात एक तुकडा जाड, एक पातळ. सगळे एकदम टाकले तर पातळ कोळसा होतो तोवर जाड कच्चाच. जाड तुकडे ती हरभऱ्याएवढे करते. मांसाचा ढीग उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून पाणी फेकून देते, सुकटीच्याच हिशेबानं. बरंचसं मीठ तिथंच उतरतं.

चरबी मात्र थंड पातेल्यात जाते. तेल नाही. वर अर्धी वाटी पाणी.

(पातेल्यात जवळून. आवाज ऐकू द्यावा, निवेदन थांबवावं.)

आधी नुसती खदखद. पाणी आहे तोवर पातेलं शंभर अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे चरबी न जळता सुटत जाते. पांढरा तुकडा हळूहळू काचेसारखा होतो. मग पाणी आटतं आणि आवाज बदलतो, खदखदीची चरचर होते. इथून पुढं नजर हलवायची नाही. बेकन मुरवताना पुष्कळदा मिठासोबत साखरही असते, ती झटक्यात करपते, आणि आमचं जर्मनचं बूड पातळ. जाड लोखंडी कढई असती तर पाणी निम्म्यानं पुरलं असतं. पण कढई खाली कट्ट्यावर आहे आणि तिथंच राहणार आहे.

तुकडे सोनेरी झाले की झाऱ्यानं काढायचे. खाली उरलेली चरबी चहाच्या गाळणीतून स्टीलच्या वाटीत.

आता मांसाचे तुकडे आणि चिरलेला कांदा. पाच-सात मिनिटांनी आत्या एक तुकडा उलथन्यावर धरते. "गुलाबीच हाय की रे अजून. कच्चं हाय."

"आत्या, ते तसंच राहतं."

मुरवणीत अगदी थोडं सोडियम नायट्राइट असतं. विषबाधा करणारे जंतू त्यानं रोखले जातात, आणि मांसातल्या लाल रंगद्रव्याशी त्याचा संयोग होऊन उष्णतेनं तो गुलाबी रंग पक्का बसतो. बकऱ्याचं मांस शिजलं की करडं पडतं, हे पडत नाही. म्हणून रंगावरून ठरवायचं नाही, पण शिजवायचं नीटच, कारण बहुतेक बेकन कच्चंच विकलं जातं.

आत्याला नायट्राइट पटलं नाही. ती आणखी पाच मिनिटं परतते.

(कुकरमधले पावटे पातेल्यात ओतले जातात.)

रात्री भिजवलेले पावटे एव्हाना शिजलेत. कडधान्य आणि खारवलेलं डुक्कर ही जोडी जुनी आहे. पोर्तुगीजांची फेइजोआदा, म्हणजे कडधान्य आणि डुकराचा रस्सा, गोव्यापर्यंत आली ती यातूनच. आमच्या पावट्यात कांदा, दीड चमचा चटणी, दोन आमसुलं, आणि ते चिवट कातडं. कातडं खायचं नाही. मंद आचेवर अर्धा तास राहिलं की त्याचा चिकटपणा आणि धुरी रश्शात उतरते, रस्सा ओठाला लागतो. मग काढून टाकायचं. सहा माणसांना मिळून दीडशे ग्रॅम कात्रण. मीठ शेवटी, चाखून. आज घातलंच नाही.

एक गोष्ट गोड लावून सांगण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये असं मुरवलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं. काकांना बीपी आहे, त्यांच्या वाटीत पावटेच जास्त. आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य, श्रावण वेगळा, आणि पुण्याची फेरी दोन-तीन महिन्यांतून एकदा. रोजचा प्रश्न येत नाही.

उरलेल्या मालाच्या मूठमूठ पुड्या फ्रीझरमध्ये. महिन्याभरात संपवायच्या, कारण मीठ असलं की चरबी गोठलेली असतानाही लवकर खवट होते.

(पंगत. गच्चीवरच, चटईवर. शाळूची भाकरी, पावटे, कच्चा कांदा.)

काका पहिला घास घेतात. सगळे मोरीच्या दाराकडे बघतात. काका भाकरीचा दुसरा तुकडा मोडतात.

वर ते सोनेरी कुरकुरीत तुकडे पेरलेले होते. ते पोरांनी वाढायच्या आधीच निम्मे संपवलेत.

(संध्याकाळ. वाटीतली चरबी गोठून पांढरी झालेली.)

शुक्रवारी हिच्यात लसूण तडतडवून पोकळ्याची भाजी होणार, तीही गच्चीवरच. तोवर वाटीला फ्रीजमध्ये जागा मिळाली आहे, खालच्या कप्प्यात. साजूक तुपाची वाटीही अगदी अशीच दिसते, आणि उद्या गुरुवार, घरात दोघींचा उपवास. आत्या देव्हाऱ्याजवळच्या डब्यातून दोरा शोधते, मग थबकते, तो परत ठेवते आणि शिवणाच्या डब्यातला काळा घेते. वाटीला दोन वेढे, घट्ट गाठ.

"पुढच्या बारीला कातडं जास्त बघून आण," ती म्हणते आणि फ्रीजचं दार लावते.