ज्याचा आवाज, त्याच्याच घरी

[दृश्य: लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज जुळवण्याचं सॉफ्टवेअर उघडलेलं. एकाखाली एक तीन ट्रॅक: पुणे, दापोली, सॅन होजे.]

हे एकाच पॉडकास्टमधले तीन आवाज ऐका. एक माणूस पुण्यात सदाशिव पेठेत बसलाय, दुसरा दापोलीत, तिसरी व्यक्ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत. पुण्यात सकाळचे 8 वाजलेत, तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात. तरी कुणाचाही आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत नाही, एकही शब्द अर्धवट तुटत नाही. यासाठी स्टुडिओ भाड्याने घेतलेला नाही, कुठल्या कंपनीला महिन्याची वर्गणीही भरलेली नाही. वापरलेलं सॉफ्टवेअर मुक्त आहे. कुणीही ते उतरवून घ्यावं, आतला कोड वाचावा, बदलावा, पुढे द्यावा.

[दृश्य: व्हिडिओ कॉल सुरू आहे. आवाज मधेच फाटतो.]

कॉलवर आवाज का फाटतो, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपलं बोलणं इंटरनेटवरून छोट्या तुकड्यांत जातं. एकेक तुकडा साधारण 20 मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 50 तुकडे. वाटेत एखादा हरवला, तर त्यासाठी थांबत नाहीत. पलीकडचं सॉफ्टवेअर आधीच्या आवाजावरून अंदाज बांधतं आणि ती फट बुजवतं.

असं घाईने वागण्याला कारण आहे. 10 भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसं सरासरी जेमतेम 200 मिलिसेकंद घेतात, असं त्यात दिसलं. आता पुणे ते सॅन होजे हे अंतर सरळ मोजलं तरी साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, तेव्हा एका बाजूच्या प्रवासालाच 65 ते 70 मिलिसेकंद लागणार. त्यात हरवलेल्या तुकड्यांची वाट पाहत बसलं, तर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळत राहतील.

बोलणाऱ्यांचं यात काही बिघडत नाही. नीट ऐकू आलं नाही तर "काय म्हणालात?" असं विचारता येतं. श्रोत्याला ती सोय नसते. म्हणजे गप्पांना वेग हवा आणि रेकॉर्डिंगला पूर्ण आवाज हवा. या दोन्ही गोष्टी एकाच तारेतून मागितल्या की घोळ होतो. म्हणून गप्पा इंटरनेटवरून मारायच्या आणि रेकॉर्डिंग प्रत्येकाने आपापल्या घरी करायचं. रेडिओवाले हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. मुलाखत टेलिफोनवर चाले आणि पाहुण्याजवळ कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन बसलेलं असे. याला डबल-एंडर म्हणतात.

[दृश्य: मंबलची खिडकी. बोलणाऱ्याच्या नावापुढचा दिवा उजळतो.]

गप्पांसाठी मंबल. 2005 साली आलेलं हे सॉफ्टवेअर ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांसाठी बनलं, त्यामुळे आवाज पोचायला कमीत कमी वेळ लागावा यावर त्याचा सगळा भर आहे. आत ओपस हा कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याची आणि पलीकडे पुन्हा उलगडण्याची पद्धत असते. ओपस 2012 साली खुलं मानक म्हणून मान्य झाला. मंबलमध्ये प्रत्येक बोलणाऱ्याची वेगळी फाइल करणारं रेकॉर्डिंगही आहे. ते पुण्यात चालू ठेवायचं, पण राखीव म्हणून, कारण त्यात नेटवरून आलेला आवाजच उतरतो, तुटला असेल तर तुटलेलाच.

पाहुणे वयस्कर असतील, नवं काही बसवून घेताना बिचकत असतील, तर मंबलचा हट्ट धरू नये. जित्सी मीट ब्राउझरमध्ये चालतं, एक लिंक पाठवली की झालं. मोकळं बोलणारा पाहुणा कुठल्याही सेटिंगपेक्षा मोलाचा.

[दृश्य: दापोली. टेबलावर पुस्तकांची चळत, तिच्यावर फोन.]

दापोलीच्या पाहुण्यांकडे मायक्रोफोन नाही. ते लॅपटॉपवर बोलतायत, कानात वायरचे साधे इअरफोन आहेत. ब्लूटूथ टाळलेलं बरं, कारण त्याचा माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा बहुतेक वेळा घसरतो. इअरफोन मात्र हवेतच, नाहीतर पुण्याचा आवाज दापोलीच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरतो आणि मग तो वेगळा काढता येत नाही. तोंडापासून वीतभर अंतरावर फोन ठेवलाय. त्यात एफ-ड्रॉइड या मुक्त अॅपच्या भांडारातून घेतलेलं मुक्त रेकॉर्डर अॅप चालू आहे. फोन विमान मोडवर आहे, म्हणजे मधेच कुणाचा कॉल येणार नाही. घरात एकही लॅपटॉप नसेल, तर एका फोनवर बोलावं आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करावं.

पंखा बंद. ऑडॅसिटीमध्ये नॉइज रिडक्शन आहे. शांततेचा छोटा नमुना दाखवला की ते तसा आवाज सगळीकडून कमी करतं. पण पंख्याची घरघर जास्त असली की तिच्यासोबत माणसाचा आवाजही खरवडला जातो. तासभर घाम आलेला परवडतो. सुरुवातीला सगळ्यांनी 10 सेकंद गप्प बसायचं, नमुना त्यातून मिळतो.

[दृश्य: तिघं पाळीपाळीने टाळी वाजवतात. पडद्यावर तीन उंच रेघा.]

मग टाळ्या, एकेकाची एक. या टाळ्या राखीव रेकॉर्डिंगमध्येही उतरतात. नंतर घरचा ट्रॅक सरकवत न्यायचा आणि त्यातली टाळी राखीव फाइलमधल्या टाळीवर बसवायची. तिन्ही ट्रॅक जुळतात.

निदान सुरुवातीला तरी. प्रत्येक यंत्र आपल्या घड्याळाने सेकंदाला 48,000 वेळा आवाज मोजतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत 50 इतका फरक धरला, तरी तासाभरात 180 मिलिसेकंदांची तफावत पडते. प्रश्नोत्तरांमधली फट जवळपास एवढीच असते, हे मघाशी पाहिलं. म्हणजे तासाच्या शेवटी हसू विनोदाच्या आधी येऊ शकतं. म्हणून शेवटीही टाळी वाजवायची आणि दोन टाळ्यांमधलं अंतर जुळेपर्यंत ट्रॅकचा वेग किंचित बदलायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

[दृश्य: फाइल पाठवली जातेय.]

48 किलोहर्ट्‌झ, 16 बिट, मोनो (एकाच वाहिनीचा आवाज): तासाभराची वेव्ह फाइल सुमारे 345 एमबी होते. ती फ्लॅक या प्रकारात बदलली की आकार बराच उतरतो आणि आवाजातलं काहीही गमावत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणूनच.

ज्यात हे सगळं जुळलं, ते ऑडॅसिटी 1999 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलं. 2021 मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीने ते घेतलं. गोपनीयतेच्या नव्या धोरणावरून वाद पेटला आणि काहींनी तोच कोड घेऊन स्वतंत्र आवृत्त्या सुरू केल्या. त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, परवान्यातच ती मोकळीक होती. आपली रेकॉर्डिंग एखाद्या कंपनीच्या मर्जीवर अडकू नयेत असं वाटणाऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावं.

[दृश्य: एक्सपोर्टची खिडकी.]

शेवटी आवाजाची पातळी उणे 16 लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) आसपास आणायची, मोनो असेल तर उणे 19. मग एमपी3. मोनो, 64 केबीपीएस ठेवलं तर तासभराचा भाग 29 एमबीच्या आत बसतो, मोबाइल डेटावर ऐकणाऱ्याला परवडतो. तिन्ही मूळ फ्लॅक फाइल पुसायच्या नाहीत. दोन वेगळ्या डिस्कवर त्यांच्या प्रती ठेवायच्या, आणि दापोलीला व सॅन होजेला ज्याची त्याची एक प्रत पाठवून द्यायची.