सुखाच्या रस्त्यावर, मागच्या सीटवरून

(काळोख. इंजिनांचा आवाज. धुक्यातून हळूहळू चार दिवे दिसू लागतात.)

पहाटेचे सहा वाजलेत. हे शहर 'हा झांग'. व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेजवळ. हनोईहून रात्रभर बसमध्ये आडवे पडून तीनशे किलोमीटर आलो. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे दोस्त. पसरणी, आंबेनळी, वरंधा, ताम्हिणी, सगळे घाट बाइकवर पालथे घातलेले. इथेही हँडल आपल्याच हातात ठेवायचं, असं ठरवून निघालो होतो.

पण तुम्ही मला बघताय ते मागच्या सीटवर. त्याचं कारण आधीच सांगते, कारण इथे यायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं. आपल्याकडे आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं, तो १९४९ च्या जिनिव्हा कराराचा. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. त्यामुळे पन्नास सीसीच्या वरची गाडी आपल्या परवान्यावर इथे कायदेशीरपणे चालवता येत नाही. भाड्याने गाडी देणारे हे विचारतही नाहीत. एकाने तर किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाला, सगळे असंच नेतात. आम्ही ती परत दिली. असल्या घाटात काही झालं आणि विम्याने हात वर केले, तर घरच्यांनी काय करायचं? म्हणून इथल्याच चार मुलांना सोबत घेतलं. गाडी त्यांची, रस्ताही त्यांचाच.

माझा सारथी चोवीस वर्षांचा, पुढच्या डोंगरांतल्या मेओ वाक गावचा, तिथल्या हमोंग या डोंगरी समाजातला. भेटल्या भेटल्या त्याने माझं वय विचारलं. मी जरा चमकले. मग कळलं, की इथे वय कळल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. व्हिएतनामी भाषेत नुसतं 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणून भागत नाही, समोरच्याशी नातं लावावं लागतं. मोठ्या भावाला 'आन्ह', मोठ्या बहिणीला 'ची', धाकट्याला 'एम'. दादा, ताई म्हटल्याशिवाय भाजीवालीशीही न बोलणारे आपण! आम्हाला यात शिकायचं ते फक्त शब्द. दहाव्या मिनिटाला मी त्याची 'ची' झाले होते आणि तो माझा 'एम'.

(रस्ता. उजव्या बाजूने चाललेल्या चार गाड्या.)

इथे वाहनं उजवीकडून चालतात. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाला माझं अंग आपोआप डावीकडे झुकायचं. तो हसून खांद्यावरून हात हलवायचा. म्हणजे, स्वस्थ बस.

क्वान बाच्या खिंडीला 'स्वर्गाचं दार' म्हणतात. ती ओलांडली, येन मिनचं पाइनचं जंगल मागे टाकलं आणि पुढे जमीनच बदलली. नुसता दगड. सह्याद्रीतला काळा कातळ नव्हे, हा राखाडी चुनखडीचा, टोकदार, सुळ्यांसारखा. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा समुद्राचा तळ होता. २०१० मध्ये युनेस्कोच्या जिओपार्कांच्या, म्हणजे भूगर्भाचा वारसा जपणाऱ्या प्रदेशांच्या यादीत हे डोंग वानचं पठार आलं, व्हिएतनाममधलं पहिलंच. पाऊस इथेही पडतो, पण चुनखडीच्या भेगांतून पाणी खाली निघून जातं, वर टिकत नाही. म्हणून डोंगरांच्या कुशीत पाणी साठवायला मोठी टाकी बांधलीत. 'टांगलेली तळी' म्हणतात त्यांना.

आणि अशा ठिकाणी लोक मका पिकवतात.

(जवळून: दगडातला खळगा.)

गाडी थांबवून मी हा खळगा हात लावून पाहिला. परातीएवढा. आत दोन-तीन ओंजळी माती. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून खालच्या अंगाला छोट्या दगडांचा बांध रचलेला. मधोमध कापलेल्या मक्याची दोन धसकटं. शेजारी दुसरा खळगा, त्यात एकच धसकट. असं करत करत अख्खा डोंगर. नांगर फिरायला जागा नाही. माती कमी पडली तर खालून पाठीवरच्या टोपलीत भरून वर आणायची आणि खळग्यात ओतायची. 'एम' म्हणाला, शाळेत जायच्या आधी त्याच्या अशा दोन खेपा व्हायच्या. फोनवर भाषांतर वाचलं आणि आम्ही कुणीच पुढे काही विचारलं नाही.

आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. मका निघालेला, कणसं घराघरात आढ्याखाली टांगलेली. रिकाम्या वावरांत बकव्हीटची गुलाबी फुलं. हे बकव्हीट म्हणजे उत्तर भारतात उपासाला लागतं ते कुट्टू. या फुलांत फोटो काढायला हनोईहून झुंबड उडते. आम्हीही काढले, भरपूर.

पण माझ्या मनात घर करून आहे ते हे जातं.

(घर. मातीच्या भिंती. जात्याचा आवाज. काही क्षण निवेदन थांबतं.)

आपल्यासारखं खाली बसून ओढायचं नाही. ते उंच बसवलेलं, आणि खुंट्याला लांब लाकडी दांडा, दोरीने वर टांगलेला. एकीने उभं राहून दांडा पुढे-मागे ढकलायचा, दुसरीने मूठमूठ दाणे वैरायचे. घरातल्या आजी ढकलत होत्या. आमची कराडची मैत्रीण पुढे झाली आणि काही न बोलता वैरायला लागली. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला हात जुळले. मग ती तिच्या आजीची ओवी गुणगुणायला लागली. आजींना शब्द कळायचं काही कारणच नव्हतं. पण त्यांनी दांड्याची गती ओवीला धरून संथ केली. बघा, इथे ऐकू येतंय.

ते पीठ चाळून, पाणी शिंपडून वाफवायचं. गार करून मोकळं करायचं आणि पुन्हा वाफवायचं. याला म्हणतात मेन मेन. दिसायला आपल्या कण्यांसारखं, पण कोरडं, घशात अडकणारं. म्हणून सोबत मोहरीच्या पाल्याचं पातळ कालवण. रात्री त्याच मक्याची दारू, छोट्या पेल्यांतून. 'मोट, हाई, बा, झो!' एक, दोन, तीन आणि पेला रिकामा. आमच्यातल्या न पिणाऱ्याने पाण्याचा पेला उचलला, तरी हस्तांदोलन त्यालाही तितकंच घट्ट मिळालं.

(डोंगरकड्यावरचा रस्ता. खूप खाली हिरवी नदी.)

तिसरा दिवस. डोंग वान ते मेओ वाक, मधे मा पी लेंग. सुमारे वीस किलोमीटरचा घाट. नावाचा अर्थ घोड्याच्या नाकाचा कणा. चढ इतका उभा, की घोड्याला धाप लागून त्याचा जीव जायचा, असं सांगतात. खाली न्यो क्वे नदी, शेवाळी हिरवी, चीनमधून येणारी. वरून पाहिली तर कुणी धागा टाकलाय असं वाटतं.

आपण ज्या रस्त्यावर उभे आहोत, त्याचं नाव 'सुखाचा रस्ता'. हो ची मिन्ह यांनी ठेवलेलं. १९५९ च्या सप्टेंबरात काम सुरू झालं, १९६५ च्या मार्चमध्ये संपलं. हा झांगपासून मेओ वाकपर्यंत सुमारे १८५ किलोमीटर. त्याआधी क्वान बा, येन मिन, डोंग वान आणि मेओ वाक या चार तालुक्यांना बाहेरच्या जगाशी जोडायला घोड्याची पायवाट तेवढी होती. खोदणारे हजाराहून जास्त तरुण-तरुणी, सोळा वेगवेगळ्या जमातींमधले, हातात पहारी, हातोडे आणि टिकाव घेऊन आलेले. मा पी लेंगच्या या कड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पोरं वरून दोर बांधून लटकली आणि लटकत्या अवस्थेत खडकाला भोकं पाडली. या एका तुकड्याला अकरा महिने लागले. सगळे घरी परतले नाहीत. जे गेले त्यांची दफनभूमी येन मिनला आहे. कड्यावर त्या तरुणांचं शिल्प आहे. लोक तिथे सेल्फी काढतात. आमच्या चौघांनी हेल्मेट काढून हातात घेतली, आपोआपच.

गाडी मी चालवत असते, तर माझी नजर वळणावरच खिळली असती. मागे बसल्यामुळे हा कडा मला नीट बघता आला. पहारीच्या खुणा शोधत होते मी. डांबराच्या वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक अर्धगोल पन्हळ दिसली. पहारीचीच असेल असं छातीठोक सांगत नाही. पण बोट बरोबर आत बसलं.

याच वळणावर ही बाई भेटली. पाठीवर गवताची टोपली, आणि चालता चालता दोन्ही हात कामात. आंबाडीसारखे दिसणारे तंतू टोकाला टोक जोडून ती पिळत होती. हा हेंपचा, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा. याचं कापड विणून, त्यावर मेणाची नक्षी काढून, निळीत बुडवून त्यांचे घागरे होतात. तिला रस्त्याकडे बघायची गरजही नव्हती. ती आमच्याकडे बघून हसली आणि पुढे गेली.

(संध्याकाळ. हा झांग. चार गाड्या उभ्या.)

चौथ्या दिवशी संध्याकाळी परत इथेच. २०२५ च्या जुलैमध्ये हा झांग प्रांत शेजारच्या तुयेन क्वांगमध्ये विलीन झाला, पण फलकांवर आणि लोकांच्या तोंडी तो अजून हा झांगच आहे.

आमची बस रात्री नऊची. मी म्हटलं, "एम, आज इथेच राहा, सकाळी जा." तो म्हणाला, नको, ची. उद्या रविवार, मेओ वाकचा बाजार. आईला डुकराची पिल्लं घ्यायचीत, तिला एकटीला उचलत नाहीत. माझं हेल्मेट त्याने मागच्या सीटला बांधलं, दोनदा ओढून पाहिलं, पावसाचा कोट चढवला.

आणि सुखाच्या रस्त्याला लागला.

(रिकामी मागची सीट. दिवा धुक्यात लहान होत जातो. इंजिनाचा आवाज बराच वेळ.)