ज्या मोर्चाने आधी शहराचं घड्याळ बघितलं

नमस्कार श्रोतेहो.

मोर्चा येतोय म्हटलं की शहरात पहिली चौकशी होते ती ट्रॅफिकची. कुठला रस्ता बंद, गाड्या कुठून वळवल्यात, लोकल तरी चालू आहेत ना? मोर्चेकऱ्यांच्या मागण्या काय, हे विचारायला कुणाला सवड नसते. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. ज्याला नऊच्या ठोक्याला मस्टरवर सही करायची आहे, तो आधी घड्याळच बघणार. पण २०१८ च्या मार्चमध्ये एक मोर्चा असा आला की त्यानेच आधी शहराचं घड्याळ बघितलं. त्यानंतर मुंबईकर जसे वागले त्याबद्दल आज बोलायचं आहे, आणि त्या वागण्यात जे राहून गेलं त्याबद्दलही.

६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा, म्हणजे माकपच्या शेतकरी संघटनेचा हा मोर्चा निघाला. डोक्यावर लाल टोप्या, हातात लाल झेंडे. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या डोंगरपट्ट्यातली माणसं त्यात मोठ्या संख्येने होती, म्हणजे कोकणा, महादेव कोळी, वारली. बायकाही भरपूर. मुंबई तिथून सुमारे १८० किलोमीटर. उन्हाचा तडाखा, पायाखाली तापलेलं डांबर. शिधा मात्र बरोबर होता. गावागावांतून तांदूळ, डाळ, पीठ जमा करून टेम्पोत भरलेलं, वर सरपणाच्या मोळ्या. टेम्पो पुढे जायचा, मुक्कामाच्या जागी तीन दगडांच्या चुली मांडल्या जायच्या, मोठाली पातेली चढायची, आणि मागून माणसं येऊन पोहोचायची. कुणाच्या दारात हात पसरायची वेळ येऊ द्यायची नाही, असा सगळा बेत होता.

इगतपुरी, कसारा घाट, शहापूर या टापूतल्या लोकांना पायी चालणाऱ्यांचं अप्रूप नाही. मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या पालख्या याच रस्त्याने जातात, पौष वारीला निवृत्तिनाथांच्या दिंड्या त्र्यंबकला येतात. चालणारा माणूस दिसला की पाणी विचारायचं, ही इकडची रीतच. त्यामुळे या पट्ट्यात फार गाजावाजा झाला नाही. मोठ्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनीही पहिले काही दिवस मोर्चाकडे काणाडोळाच केला. ठाणे जवळ आलं, हेलिकॉप्टरमधून काढल्यासारखी ती लाल रांगेची चित्रं फोनवर फिरू लागली, तेव्हा कॅमेरे धावले. मग पुढारीही धावले. विरोधकांचं सोडा, सरकारातले मंत्रीसुद्धा स्वागताला पुढे झाले.

११ मार्चला मोर्चा शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी आझाद मैदानाकडे कूच करायचं ठरलेलं. पण ती सोमवारची सकाळ, आणि दहावीची बोर्डाची परीक्षा चालू. हजारो माणसं दिवसाउजेडी दादर, भायखळ्यातून निघाली असती तर किती पोरांचा पेपर हुकला असता, सांगता येत नाही. दिवसभर चालून नुकती पाठ टेकलेली ही माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि अंधारातच निघाली. पहाटे सगळी आझाद मैदानात. शहर जागं झालं तेव्हा रस्ता मोकळा होता.

मुंबईकर विरघळला तो इथे. भायखळा, नागपाड्याच्या बाजूला रात्री लोक रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, खजूर घेऊन उभे होते. आझाद मैदानात वडापाव, पोहे आले. डबेवाले जेवण घेऊन आले, शीख मंडळी आली, डॉक्टर मलमपट्टीला बसले. आणि आल्या चपला. ढिगाने.

त्या चपलांचं थोडं सांगायला हवं. वर्तमानपत्रांत एका बाईच्या तळपायाचा फोटो छापून आला होता, कातडी सोललेली, भेगांत माती. तो ज्याने पाहिला त्याला राहवलं नाही. कपाटातले बूट निघाले, कुणी दुकानातून नव्या जोड्या घेतल्या. मनापासून दिलेलं होतं, खोटं नव्हतं. पण तळपायाला फोड आलेले असताना नवीकोरी, घट्ट पट्ट्याची चप्पल घालून दहा पावलं चालून बघा. ती पायात राहत नाही, पिशवीत जाते. शहराला जखम दिसली, तिच्यावरचा उपायही लगेच सुचला, आणि तो करता येण्याजोगा होता. ही माणसं इतकी चालली कशासाठी, हा प्रश्न तळपायाच्या फोटोत मावत नव्हता.

शंका घेणारेही होते. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने यात शहरी माओवाद दिसतो असं म्हटलं आणि बरंच बोलून घेतलं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की मोर्चातले नव्वद-पंच्याण्णव टक्के लोक गरीब आदिवासी आहेत, तांत्रिकदृष्ट्या ते शेतकरीच नाहीत, त्यांच्या नावावर जमीन नाही. काहींना हे हिणवल्यासारखं लागलं. माझ्या मते दुखणं नेमकं तेच होतं, आणि ते त्यांनीच बोलून दाखवलं. बाप-आजापासून नागली, वरई, भात पिकवतायत, पण सातबारा वनखात्याचा. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून कर्जमाफीतही नाव नाही. शेती करूनही कागदावर शेतकरी नाही.

यासाठीच २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेली, प्रत्यक्ष कसत असलेली वनजमीन आदिवासीच्या नावे करायची, जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा आधी गावाच्या वनहक्क समितीकडे आणि ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. दावे वर्षानुवर्षं पडून राहतात, नाहीतर पुरावा अपुरा म्हणून फेटाळले जातात. आणि मंजूर झालाच तरी कसतो एकरात अन् पट्ट्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदावर, येतात गुंठे, ही तक्रार सुरगाणा-पेठेत पावलोपावली ऐकाल. जंगलाच्या काळजीपोटी या पट्ट्यांना विरोध करणारेही आहेत. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही, पण नवं अतिक्रमण आणि जुना कसणारा यांना एकाच मापाने मोजणं पटत नाही. ती तारीख कायद्यात घातली आहे ती एवढ्याचसाठी.

१२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. त्याच संध्याकाळी सीएसएमटीहून भुसावळकडे खास गाड्या सोडल्या, माणसं घरी गेली. मुंबईच्या दृष्टीने गोष्ट तिथे छान संपली.

सहा महिने उलटले. नोव्हेंबरमध्ये ‘लोकसंघर्ष मोर्चा’ या संघटनेचे आदिवासी ठाण्याहून आझाद मैदानात आले, वनहक्काची तीच मागणी घेऊन. फेब्रुवारी २०१९ मध्ये किसान सभा पुन्हा नाशिकहून निघाली आणि मंत्र्यांशी बोलणी होऊन नाशिकच्या आसपासच थांबली. चपलांचा ढीग यापैकी कुठल्याच वेळी लागला नाही. मुंबईकराचं मन कोरडं झालं असं मी म्हणणार नाही. त्याला वाटत होतं की तो प्रश्न सुटला, आपण बघितला की सुटताना! सहा महिन्यांची मुदत त्याच्या लक्षात राहायला कुणी ती लक्षात आणूनही दिली नव्हती, आम्ही माध्यमवाल्यांनी तर नाहीच.

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा चालणं सुरू झालं. २०१८ मध्ये सेनेचे मंत्री म्हणून ठाण्यात मोर्चाला भेटलेले एकनाथ शिंदे आता मुख्यमंत्री होते. मागण्यांत वनपट्टे होतेच, पण या खेपेला कांदाही होता. भाव इतका पडलेला की बाजार समितीत नेण्याचं भाडं सुटत नव्हतं. त्यामुळे एरवी डोंगरातल्या मोर्चाकडे ‘त्यांचा प्रश्न’ म्हणून बघणारा सपाटीवरचा कांदेवाला त्या वर्षी आपल्या पिकाची मागणीही त्याच यादीत वाचत होता. मोर्चा ठाणे जिल्ह्यात वासिंदला थांबला. तिथे मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं, वनजमिनीसाठी समिती नेमायचं ठरलं, आणि वासिंदहूनच लोक परत फिरले. मुंबईचे रस्ते त्या आठवड्यातही मोकळेच राहिले.

नमस्कार.