वाड्याचा पत्ता आणि मोहोरबंद पाकीट

मंडळी, एका घरापासून सुरुवात करतो. नवरा-बायको एकाच कंपनीत, दोघंही घरून काम करणारे. त्याचं व्हीपीएन (ऑफिसशी जोडणारी कुलूपबंद वाट) जोडलं की तिचं तुटायचं, तिने जोडलं की त्याचं. मी दोन दिवस केबल आणि पासवर्ड तपासत बसलो. अडचण भलतीकडेच होती: घरच्या राउटरचं नॅट आणि व्हीपीएनची आयपीसेक ही सुरक्षेची पद्धत यांचं पटत नव्हतं.

इंटरनेटचे पत्ते पुरेनासे होतील या काळजीतून 1994 मध्ये नॅटची, म्हणजे वाटेत पत्ता बदलण्याची, कल्पना कागदावर आली. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडं वीस. दारावरचा माणूस, म्हणजे राउटर, बाहेर जाणाऱ्या पत्रावरचा खोलीचा पत्ता खोडून वाड्याचा लिहितो आणि वहीत नोंद ठेवतो. ही वही चालते पोर्टांवर, म्हणजे प्रत्येक बोलण्याला दिलेल्या क्रमांकांवर. टीसीपी आणि यूडीपी या पॅकेटं (माहितीची पाकिटं) पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतींना पोर्ट असतात, म्हणून उत्तर बरोबर खोलीत पोचतं.

आयपीसेकमधली एएच ही पद्धत, वाटेत फेरफार झाला तर कळावा म्हणून, पॅकेटला मोहोर लावते ती पत्त्यासकट. वाटेत पत्ता बदलला की मोहोर फुटली आणि पलीकडचा ते पॅकेट फेकून देतो. त्याचं काही चुकत नाही. पत्ता भल्या माणसाने बदलला की चोराने, हे त्याला कसं कळावं? एएच आणि नॅट यांची सोयरीक जुळवण्यात कृपा करून वेळ घालवू नका.

आयपीसेकमधलीच दुसरी पद्धत ईएसपी, ती मजकूर कुलूपबंद करते. ईएसपीची मोहोर बाहेरच्या पत्त्यावर नसते, त्यामुळे टनेल पद्धतीत (अख्खं मूळ पॅकेट दुसऱ्यात घालून) ती पत्त्याचा बदल सोसते. पण तिला पोर्टच नाहीत! मग वहीत लिहायचं काय? प्रत्येक पॅकेटवर ते कोणत्या जोडणीचं हे सांगणारा एसपीआय नावाचा एक क्रमांक असतो खरा, पण परतीच्या पॅकेटांचा एसपीआय ठरतो कुलूपबंद बोलण्यात, राउटरच्या कानांपलीकडे. त्या घरातल्या राउटरवर ‘आयपीसेक पासथ्रू’ (आयपीसेकची पॅकेटं पोर्टांशिवाय आत-बाहेर सोडायची सोय) चालू होतं. ते अंदाजाने, शेवटी जो बोलला त्याच्याच दारात सगळी पाकिटं टाकत होतं.

यावरचा नीट तोडगा, नॅट-टी, जानेवारी 2005 मध्ये आरएफसी 3947 आणि 3948 या इंटरनेटच्या नियमपत्रांनी घालून दिला. मला तो फार आवडतो, कारण त्यात नॅटशी भांडण नाही. पोर्ट 500 वर बोलणं सुरू होतं तेव्हा दोन्ही टोकं पत्त्यांचे आणि पोर्टांचे हॅश (गणिती ठसे) एकमेकांना पाठवतात. आलेल्या पॅकेटवरच्या पत्त्याशी हॅश जुळला नाही, की वाटेत नॅट आहे हे उघड झालं. मग दोघंही यूडीपी 4500 वर जातात आणि ईएसपीचं पाकीट यूडीपीच्या पाकिटात घालतात. फक्त आठ बाइटांचा हेडर (पाकिटावरचा मजकूर), पण आता पोर्ट मिळाला आणि वही चालू झाली.

त्या आठ बाइटांचाही हिशोब ठेवा. पिंग (चाचणीचं छोटं पॅकेट) होतं पण मोठी फाइल अडकते, अशी तक्रार आली तर आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, बघा.

‘जेवून आलो की तुटलेलं असतं’ ही दुसरी नेहमीची तक्रार. शांतता झाली की राउटर वहीतली यूडीपीची नोंद खोडतो. म्हणून नॅटमागचं टोक काही बोलायचं नसलं तरी एका बाइटचं पॅकेट पाठवत राहतं, आरएफसीप्रमाणे मुळात दर 20 सेकंदांनी. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनमध्ये 25 सेकंद ठेवायचा सल्ला असतो. हा आकडा शून्य, म्हणजे ही सोय बंदच, करून ठेवलेले कितीतरी फायरवॉल मी पाहिले आहेत.

त्या घरचं सांगायचं राहिलं. ऑफिसच्या गेटवेवर (व्हीपीएनच्या तिकडच्या टोकावर) नॅट-टी बंदच होतं. ते चालू करून घेतलं, फायरवॉलवर यूडीपी 500 आणि 4500 उघडले, घरचं पासथ्रू बंद केलं. मग राउटरचा तक्ता, म्हणजे तीच वही, उघडून दोघांना दाखवला. दोन ओळी, दोन्हींचा पोचायचा पोर्ट 4500, निघायचे पोर्ट मात्र वेगळे. एक ओळ त्याची, एक तिची.