सगळ्यांचं ऐकून घेणारी मुलगी

नमस्कार मंडळी.

हायस्कूलमधल्या मुलींच्या आरोग्याचा विषय निघाला की आपण पाळी, हिमोग्लोबिन, वजन इथवर येऊन थांबतो. ते महत्त्वाचं आहेच. पण १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याच्या व्याख्येत शरीर आणि मनासोबत सामाजिक स्वास्थ्यही आहे. घरात त्याची चौकशी क्वचितच होते.

मधल्या सुट्टीत शेजारी कोण बसतं? ग्रुपमधून न सांगता काढलं का? वाढदिवसाला आपल्यालाच बोलावलं नव्हतं, हे फोटो पाहून कळलं का? मारामारी झाली तर शाळा पालकांना बोलावते. अबोल्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून "एवढं काय मनाला लावून घेतेस?" असं कृपा करून म्हणू नका. त्या वयात ते मनाला लागतंच.

आज मात्र मला बोलायचंय ते वेगळ्या मुलीबद्दल. जिला भरपूर मैत्रिणी आहेत आणि सगळ्याजणी जिच्यापाशी मन मोकळं करतात तिच्याबद्दल. तिची काळजी कुणालाच वाटत नाही.

मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी अशा मैत्रीचा अभ्यास केला आहे. एकच दुःख दोघींनी पुन्हा पुन्हा उगाळायचं: ती असं का म्हणाली, आता काय होईल, माझंच चुकलं का? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलींच्या बाबतीत यातून मैत्री घट्ट होताना दिसली आणि त्याचबरोबर उदासी आणि चिंताही वाढताना दिसली. मुलांमध्ये मैत्री वाढली, पण उदासी-चिंतेची तशी वाढ दिसली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जी गोष्ट मुलींना जवळ आणते, तीच त्यांना थकवतेही.

रात्री उशिरा मेसेज येतो, "जागी आहेस?" उत्तर दिलं नाही तर मैत्रीण दुखावेल, दिलं तर झोप गेली. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. "आई फोन बाहेर ठेवायला लावते" असं आपल्या नावावर खुशाल सांगू द्या तिला. वाईटपणा आपण घेऊ.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. कुणाला कोण आवडतं, ही गुपितं तुझ्यापाशीच राहू देत. पण मैत्रीण स्वतःला इजा करत असेल, जगणं नको म्हणत असेल, कुणी तिला त्रास देत असेल, तर वचन मोडून मोठ्यांना सांगायचं. आईबाबांना सांगणं जमत नसेल तर कुणाला सांगशील, ते नाव तिच्याकडूनच घ्या. मावशी, शाळेतल्या समुपदेशक, आपल्या मंडळातली एखादी ताई, कुणीही चालेल.

मैत्रीण चिडेल. कदाचित बोलणंही टाकेल. त्या दिवसांत आपल्या मुलीला एकटं वाटेल, तेव्हा घरातल्या कुणीतरी संध्याकाळी तिच्यासोबत असायला हवं.